मदत हवी आहे : वारसा इमारतीचे विकासहक्क उतरवायचे कुठे?

नमस्कार मंडळी, जमीनवापर आराखड्यात वारसा इमारती कशा जपतात यावर टिपण लिहितेय आणि एका जागी गाडं अडलंय.

न्यूयॉर्कचं उदाहरण घेतलंय. पेन स्टेशन हे जुनं रेल्वे स्थानक १९६३ मध्ये पाडायला घेतलं, लोक हळहळले, १९६५ मध्ये वारसा कायदा आला. पुढे ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर ५०हून जास्त मजल्यांचा मनोरा बांधायचा बेत होता. तो नाकारला गेला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. न वापरलेले विकासहक्क, म्हणजे त्या जागेवर करता आलं असतं पण केलं नाही तेवढ्या बांधकामाचे हक्क (आपला टीडीआर), जवळच्या भूखंडांवर नेता येत होते, हा मुद्दाही निकालात विचारात घेतला गेला.

इथवर समजलं. पण हे हक्क जिथे उतरतात तिथल्या रस्त्यांवर, पाण्यावर, सांडपाण्यावर ताण येणारच ना? मग ते लगतच्या भूखंडांपुरतेच ठेवावेत की आराखड्यात आधीच वेगळा ‘स्वीकार विभाग’ (असे हक्क जिथे वापरू द्यायचे तो भाग) आखावा? लगत दिले तर जुन्या वास्तूभोवती मनोऱ्यांचा वेढा पडतो, आणि लांब दिले तर तिथल्यांनी काय घोडं मारलंय?

नुसता दर्शनी भाग ठेवून मागे नवं बांधणं मला तरी पटत नाही, तो मार्ग कृपया सुचवू नका. प्रत्यक्ष आराखड्यावर काम केलेल्यांचा अनुभव हवाय.