देवाचे गुणधर्म : वाचायला कुठून सुरुवात करू?

नगरची_वाचक
सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात पुढच्या महिन्यापासून ‘देवाचे गुणधर्म’ हा विषय घ्यायचं ठरलंय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. सर्वज्ञ, सर्वसमर्थ, सर्वव्यापी, अविकारी अशी यादी फळ्यावर लिहायची आणि प्रत्येकाखाली वचनं द्यायची, असं आम्ही लहानपणी शिकलो. आताची पोरं इंजिनिअरिंगला आहेत, यादीवर गप्प बसणार नाहीत. एकाने आत्ताच विचारलंय, देव बदलतच नाही तर प्रार्थना कशाला करायची? काय वाचू? इंग्रजी चालेल.

जुना_सेमिनरीवाला
यादी सोडाच. पहिल्या दिवशी बायबलमधलं १ शमुवेल, अध्याय १५ उघडा. ११व्या वचनात देव म्हणतो, शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतोय. २९व्यात शमुवेल त्याच शौलाला सुनावतो, पस्तावायला देव काही माणूस नाही. आणि ३५व्यात पुन्हा देवाला पस्तावा! लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नसेल असं थोडंच आहे? पोरांना यावर मनसोक्त भांडू द्या.

मग अन्सेल्म या ख्रिस्ती विचारवंताच्या ‘प्रोस्लोगियन’चा आठवा अध्याय घ्या. अकराव्या शतकातला आहे, जेमतेम पानभर. देवाला दुःखाची झळ लागत नसेल तर तो दयाळू कसा, असा सरळ प्रश्न. अन्सेल्मचं उत्तर असं की दयेचं फळ आपल्या पदरात पडतं, पण देवाच्या आत कालवाकालव होत नाही. मला हे अर्धंच पटतं.

त्यानंतर तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास. त्याच्या ‘सुम्मा’ या महाग्रंथाचं नाव ऐकून दचकू नका, पहिल्या भागातले फक्त दोन प्रश्न (त्यातल्या प्रकरणांना ‘प्रश्न’च म्हणतात) वाचा, ३ आणि १३. इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. तिसऱ्या प्रश्नाच्या तोंडाशीच तो सांगून टाकतो की देव काय आहे ते आपल्याला कळत नाही, काय नाही तेवढंच कळतं. आणि मुद्दा असा की देव भागांचा बनलेला नाही. न्याय एका कप्प्यात, दया दुसऱ्यात, असं त्याच्यात नसतं. तो जो आहे तोच त्याचा न्याय आणि तीच त्याची दया. ‘न्याय म्हणाला शिक्षा कर, दया म्हणाली सोड’ छापाची प्रवचनं आपण ढिगाने ऐकतो, ती थॉमसपुढे टिकत नाहीत.

मिरजकर
सेमिनरीवाले, पोरं पहिल्याच रविवारी पळून जातील हो! ताई, टोझर घ्या, ‘द नॉलेज ऑफ द होली’ (१९६१). छोटे छोटे अध्याय, प्रत्येकाच्या सुरुवातीला प्रार्थना. जोडीला पॅकरचं ‘नोइंग गॉड’ (१९७३). आणि वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीतला (ही ख्रिस्ती शिकवणीची जुनी पुस्तिका) चौथा प्रश्न, ‘देव काय आहे?’, पाठ करून घ्या, एका वाक्यात सगळं बसतं. स्टीफन चार्नॉक मात्र सध्या लांब ठेवा. १६८२ साली, तो गेल्यावर छापलेले, देवाच्या गुणधर्मांवरचे ते ठोकळे आहेत. फार तर शेवटचं, देवाच्या सहनशीलतेवरचं प्रकरण बघा.

पेठेतला_वेदांती
मी ख्रिस्ती नाही, वाचक म्हणून डोकावतोय. पोरांचे मित्र निर्गुण-सगुण काढणारच, तेव्हा नीळकंठशास्त्री गोरे हाताशी असू द्या. चित्पावन घराणं, काशीत शास्त्राध्ययन, १८४८ साली बाप्तिस्मा. त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’मध्ये निर्गुण ब्रह्मावर कडक हल्ला चढवलाय. उलट बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय थॉमसचाच आधार घेऊन म्हणतात, ख्रिस्ती देवही निर्गुणच, कारण सृष्टीशी नातं ही त्याची गरज नव्हे. दोघेही धर्मांतरित ब्राह्मण आणि तोंडं दोन दिशांना. वादाला याहून चांगली जोडी नाही.

नगरची_वाचक
सगळ्यांचे आभार, पण एक गोष्ट अडते. संघातल्या एका मुलीचा भाऊ गेल्या पावसाळ्यात वारला. तिच्यासमोर अन्सेल्मचं ते वाक्य कसं वाचू?

जुना_सेमिनरीवाला
एकट्याने वाचू नका. त्याच दिवशी जर्मन धर्मपंडित मोल्टमानही घ्या, ‘द क्रूसिफाइड गॉड’, मूळ जर्मन १९७२ चं. १९४३ च्या हॅम्बुर्ग बाँबहल्ल्यात मोल्टमानचा मित्र त्याच्या शेजारीच मेला, पुढे तो स्वतः युद्धकैदी झाला. तो म्हणतो, ज्याला दुःखच होऊ शकत नाही त्याला प्रेमही करता येत नाही. क्रूसावर पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. सहावं प्रकरण पुरे.

जुन्यांची, म्हणजे अन्सेल्म-थॉमसची, बाजूही मांडा, नाहीतर अन्याय होईल. त्यांचं म्हणणं, बुडणाऱ्याला काठावर पाय रोवलेला माणूस लागतो. शिवाय ख्रिस्ताने मानवी देहात खरोखर सोसलं, हे ते कुठे नाकारतात? त्या मुलीला कुठली बाजू घ्यायची ते ठरवायला लावू नका.

प्रार्थनेचं उत्तरही थॉमसकडेच आहे, ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, प्रश्न ८३. देवाचं मन वळवायला आपण प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेतूनच मिळाव्यात असं त्यानेच ठरवलंय, म्हणून करतो.

मिरजकर
हे उत्तर त्या इंजिनिअरला पटलं तर इथे कळवा. मला अजून पटलेलं नाही.