हार्डनेस सारखा, तरीही शाफ्ट ठिसूळ
ईएन २४ या मिश्र पोलादाच्या दोन शाफ्टांचे हार्डनेसचे (कठीणपणाचे) आकडे जुळत असूनही त्यांतला एकच काचेसारखा का तुटला, या प्रश्नाला ‘तेलात बुडवताना चूक झाली असावी’ असे उत्तर आले आहे. ते मला पुरेसे वाटत नाही, कारण क्वेंचिंग (तापलेला नग बुडवून झटकन थंड करणे) कमी पडले असते तर फरक बहुधा हार्डनेसमध्येच दिसला असता.

संशय टेम्परिंगवर, म्हणजे क्वेंचिंगनंतर नग पुन्हा तापवण्याच्या पायरीवर, घ्यावा. सुमारे ०.४ टक्के कार्बन, दीड टक्का निकेल, शिवाय क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेले हे पोलाद साधारण ८५० अंश सेल्सिअसवरून तेलात थंड केले की मार्टेन्साइट नावाची कठीण पण ठिसूळ अंतर्गत रचना तयार होते. (आपले लोहार यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात, मग ते तेल का असेना.) पुन्हा तापवल्यावर अडकलेला कार्बन बारीक कार्बाइडच्या रूपात बाहेर पडतो आणि थोड्या ताकदीच्या बदल्यात चिवटपणा मिळतो. मात्र सुमारे ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यातून नग सावकाश थंड झाला, तर फॉस्फरस, कथील, अँटिमनी यांसारख्या अशुद्धी कणसीमांवर (धातूतल्या स्फटिककणांमधल्या सीमांवर) गोळा होऊन त्या कमकुवत करतात. मॉलिब्डेनममुळे हा दोष घटतो, पुरता जात नाही. हार्डनेसमध्ये त्याचा मागमूस नसतो. चार्पी चाचणीत, म्हणजे खाच पाडलेला नमुना एका घावाने तोडून पाहिल्यावर, तो सापडतो.

शिरोलीत आमच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी संध्याकाळी भट्टी बंद करून माल रात्रभर आतच ठेवत असत. तुमच्या शाफ्टचेही तसेच झाले का, हे आधी विचारावे. तसे असल्यास ६०० अंशांच्या वर पुन्हा तापवून लगेच तेलात थंड करता येते, फक्त मूळ टेम्परिंग त्याहून कमी तापमानाचे असेल तर हार्डनेस उतरेल.