अमेरिकेतील पदवी प्रवेश : 'अर्ली डिसिजन'खाली अर्ज करावा का?

प्रश्न (एक पालक, राजारामपुरी) :
माझी मुलगी कोल्हापुरातच बारावी विज्ञान शाखेत शिकत असून तिला पदवीसाठी अमेरिकेत जायचे आहे. १ नोव्हेंबरच्या मुदतीत एखाद्या विद्यापीठाला 'अर्ली डिसिजन'खाली अर्ज केल्यास निवडीची शक्यता वाढते, असे तिने ऐकले आहे. आमची ऐपत वर्षाला १० लाख रुपयांपलीकडे नाही, त्यामुळे आर्थिक साहाय्याशिवाय तिला पाठवणे शक्य होणार नाही. आम्ही हा मार्ग धरावा का?

उत्तर १ (भाचीच्या अर्जात मदत केलेला मामा) :
आपण पैशाचा विचार आधी करावा, असे मला मनापासून वाटते. 'अर्ली डिसिजन' हा बांधील अर्ज आहे, म्हणजे निवड झाल्यास तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक असे तिघेही करारावर सही करतात आणि डिसेंबरच्या मध्यास निवड झाली की इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. देऊ केलेले साहाय्य खरोखरच अपुरे असेल तर विद्यापीठ या बंधनातून मोकळे करते, परंतु दुसरीकडे किती साहाय्य मिळाले असते हे ताडून पाहण्याची संधी राहत नाही. शिवाय परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले आहे की नाही, हे बहुतेक विद्यापीठे निवडीच्या वेळीच विचारात घेतात आणि त्यामुळे निवडीची शक्यता घटू शकते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तसे करीत नाहीत आणि या चौघांकडे बांधील अर्जही नाही. एमआयटीचा 'अर्ली ॲक्शन' म्हणजे लवकरचा पण बांधील नसलेला अर्ज पूर्णपणे मोकळा आहे, तो करून इतरत्रही लवकर अर्ज करता येतो. उरलेल्या तिघांकडे लवकर अर्ज केल्यास अमेरिकेतील अन्य खासगी विद्यापीठांकडे सहसा लवकरचा अर्ज करता येत नाही. निवड झाली तरी होकार कळवण्यास १ मेपर्यंत अवधी असतो. शक्यता वाढते म्हणतात, त्या आकड्यांत विद्यापीठांनी आधीच हेरलेले खेळाडूही मोजलेले असल्याने ते फुगलेले दिसतात, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर २ (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका) :
मुदत गाठण्यातली खरी अडचण कागदपत्रांची असते. नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रके लागतात आणि आपल्याकडे दहावीनंतर संस्था बदलत असल्याने ती दोन ठिकाणांहून मिळवावी लागतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणून बारावीचे अपेक्षित गुण शिक्षकांनीच कळवायचे असतात. आपल्या महाविद्यालयांत समुपदेशक हे पद सहसा नसते, ते काम प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना करावे लागते. दिवाळीची सुट्टी बहुधा याच सुमारास येते. एका विद्यार्थिनीचे शिफारसपत्र मला सुट्टीत गावाकडून पाठवावे लागले होते आणि त्या मुलीचे ते दोन दिवस फार काळजीत गेले. आपण सप्टेंबरमध्येच शिक्षकांना विनंती करावी. साहाय्याच्या अर्जासाठी उत्पन्नाची कागदपत्रेही याच काळात लागतात आणि ती मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते.

मूळ पालक :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. बांधील अर्ज करायचा नाही, असे आम्ही घरी बसून ठरवले आहे. एमआयटीला 'अर्ली ॲक्शन'खाली आणि इतरांना जानेवारीच्या नियमित मुदतीत अर्ज करू. उद्याच तिच्या जुन्या शाळेत नववी-दहावीच्या गुणपत्रकांसाठी जातो.