डोमेस्तिकला मराठीत काय म्हणायचं? (बेप्पू फुमियुकीवर लिहिताना अडलेले शब्द)

घाटवाट:
मंडळी मदत हवीये. जपानचा रोड रेसर बेप्पू फुमियुकी, 2021चा सीझन संपल्यावर निवृत्त झाला, त्याच्या करिअरवर मराठीत मोठा लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीये. त्याचं जवळजवळ सगळं करिअर डोमेस्तिक म्हणून गेलं, म्हणजे टीममधल्या मुख्य रेसरसाठी राबणारा. वाऱ्यात पुढे राहून त्याला आडोसा द्यायचा, मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून परत सगळ्यांना गाठायचं, लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं, कोणी पळून गेलं की तासनतास पुढे खेचत बसायचं. फ्रेंचमध्ये या शब्दाचा सरळ अर्थ घरकाम करणारा नोकर. पण बेप्पूला नोकर लिहायला हात धजत नाहीये. सहायक लिहिलं तर सरकारी ऑफिसातलं पद वाटतं. काय लिहू?

माळरान:
मदतनीस चालेल की. सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

घाटवाट:
कळतो खरा, पण मदतनीस म्हटलं की तो स्वतः रेसमध्ये नाही, बाजूला उभा राहून मदत करतोय असं वाटतं. हा तर तेवढंच अंतर तीच चढणं चढून जातो, वर वारा याच्याच तोंडावर. 2009च्या टूर द फ्रान्समध्ये साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर होतं, 21 स्टेज म्हणजे रोजचे टप्पे, ते पूर्ण करून बेप्पू 112वा आला. आराशिरो युकिया 129वा. टूर शेवटपर्यंत पूर्ण करणारे हे पहिले दोन जपानी, एकाच वर्षी. त्याआधी 1926 आणि 1927 ला कावामुरो किसो सुरुवातीलाच बाहेर पडला होता, आणि 1996 ला इमानाका दाइसुके वेळेच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे अर्ध्यावरून घरी. एवढं करणाऱ्याला मदतनीस म्हणवत नाही हो.

बखरवाचक:
माझं मत बारगीर. मराठा घोडदळात शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळायचा. सायकलपटूला सायकल टीमच देते, पगारही टीमच देते आणि लढायचं टीमसाठी. शिवाय इटालियन लोक याच माणसाला ग्रेगारिओ म्हणतात, त्या शब्दाचं मूळ लॅटिन, आणि तिथेही साध्या शिपायाला हाच शब्द वापरायचे. म्हणजे आपण काही वेगळं करत नाहीये, इटालियन लोकांनी शिपाई घेतला, आपण बारगीर घेऊ.

चाकोरी:
अर्थ भारी आहे पण त्या हिशोबाने टीमचा लीडर पण बारगीरच झाला ना, त्यालाही सायकल टीमच देते. फरक सायकल कोणाची हा नाहीच, फरक रेस कोणासाठी चालवतो हा आहे. आणि बारगीर आता इतिहास वाचणाऱ्यांनाच कळतो, क्रीडा पानावर वाचणारा थबकेल.

मी गडी सुचवते. घरगडी, शेतगडी यातला गडी म्हणजे राबणारा माणूस, आणि कबड्डीत खोखोत "गडी बाद" म्हणतो तो गडी म्हणजे खेळाडू. दोन्ही अर्थ एकाच शब्दात, आणि फ्रेंच शब्दातलं नोकरपण पण सुटत नाही. वर "रांगडा गडी", "पक्का गडी" म्हणताना कौतुकच असतं. सवंगडी पण त्यातलाच.

घाटवाट:
चाकोरी, हे आवडलं!! "बेप्पू हा पक्का गडी होता" असं लिहून बघितलं तर वाक्य लगेच मराठी वाटतंय.

योकोहामाकर:
इथे जपानीत काय म्हणतात ते सांगतो, उपयोग होईल. इंग्रजीतून घेतलेला शब्द आहे, आशिस्तो, असिस्टवरून. आणि लीडरला एस्, पत्त्यांतल्या एक्क्यावरून. बातम्यांत, कॉमेंटरीत हेच चालतं. जपानी नाव लिहिताना आडनाव आधी, तू बेप्पू फुमियुकी लिहितेयस ते बरोबर आहे. युरोपात त्याला फुमी म्हणायचे. मूळचा कानागावा प्रांतातल्या चिगासाकीचा, समुद्रकाठचं गाव, आणि शाळा संपल्यावर थेट फ्रान्सला गेला, मार्सेयच्या ला पोम क्लबमधून हौशी रेसर म्हणून खेळला. मग 2005 ला डिस्कव्हरी चॅनल टीममध्ये, तेव्हा वय 21. प्रोटूर नावाची वरची पातळी त्याच वर्षी सुरू झाली होती आणि तिथे करार मिळालेला तो पहिला जपानी. त्या टीममध्ये आशिस्तो सोडून दुसरं काय काम मिळणार, लीडर लान्स आर्मस्ट्राँगची टीम ती!

अजून एक, लेखात नुसतं "व्यावसायिक सायकलपटू" लिहू नकोस. जपानमध्ये तसं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी केइरिन येतं, ट्रॅकवरची रेस, 1948 पासून चालू, लोक अधिकृत पैसे लावतात. नाकानो कोइची 1977 ते 1986 सलग दहा वेळा स्प्रिंटचा जगज्जेता झाला तो त्यातलाच. ते करिअर पूर्ण वेगळं, देशातल्या देशात उत्तम कमाई. रस्त्यावरच्या रेसिंगसाठी मात्र युरोपात जाऊन राहावं लागतं, भाषा शिकावी लागते. म्हणून पहिल्याच वाक्यात रोड रेसर हवं.

माळरान:
गडी पटला, मदतनीस मागे घेतो. पण बायकांच्या रेससाठी काय? 2022 पासून बायकांची टूर द फ्रान्स परत नीट सुरू झालीये, तिथेही डोमेस्तिक असतात. बाईला गडी कसं म्हणणार?

चाकोरी:
तिथे भिडू म्हणता येईल, तो भिडू ती भिडू दोन्ही चालतं. पण भिडूमध्ये बरोबरीचं नातं आहे, राबणं निघून जातं. मला याचं पक्कं उत्तर नाही सुचलेलं, कोणाला सुचलं तर लिहा.

घाटवाट:
लेख बेप्पूचा आहे त्यामुळे आत्ता गडी घेते. पुढचा प्रश्न, कॉम्बॅटिव्हिटीचं बक्षीस. स्टेज संपल्यावर, सगळ्यात जास्त हल्ले करणाऱ्या, म्हणजे घोळक्यातून सुटून पुढे जायला बघणाऱ्या रेसरला देतात. 2009 च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी पॅरिसला, शाँझेलिझेवर बेप्पू सात जणांच्या ब्रेकअवेमध्ये, म्हणजे घोळक्यातून पुढे निसटलेल्या गटात होता. तिथे ब्रेकअवे बहुतेक कधीच टिकत नाही, स्प्रिंटरच्या, म्हणजे शेवटच्या काही मीटरमध्ये सुसाट सुटणाऱ्यांच्या टीम पकडतातच, तसंच झालं आणि स्टेज कॅव्हेंडिश या स्प्रिंटरने मारली. पण त्या दिवसाचं हे बक्षीस बेप्पूला मिळालं. लढाऊ खेळाडू लिहू का?

बखरवाचक:
लढाऊ नको, लढाऊ विमान आठवतं. झुंजार. झुंजण्यात हरणं जिंकणं येत नाही, नेटाने भिडत राहणं येतं, आणि पकडले जाणार हे माहीत असून पुढे निघालेल्याला तोच शब्द शोभतो.

घाटवाट:
झुंजार फायनल. खरंतर तेव्हा हे बक्षीस मिळालेला दुसऱ्या दिवशी लाल नंबर लावून निघायचा, पण शेवटच्या स्टेजला दुसरा दिवसच नाही, त्यामुळे बेप्पूला तो लावून रेस करायला मिळालीच नाही. हे लेखात नक्की घालणार.

गिअरवाला:
उशिरा आलो. एशलॉन राहिलं ना? त्याच टूरची तिसरी स्टेज, मार्सेय ते ला ग्रांद-मोत, बाजूने जोराचा वारा, कोलंबिया टीमने वेग वाढवला आणि अख्खा घोळका तुटला, ती टूर शेवटी जिंकलेला काँतादोरसुद्धा मागे राहिला. पुढच्या छोट्या गटात बेप्पू होता आणि तो आठवा आला, त्याच्याच स्किल-शिमानो टीमचा लमोआन तिसरा. ती टीम वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास आमंत्रणावर आलेली! माझ्या मते बेप्पूची टूरमधली सगळ्यात मोठी कामगिरी हीच, पॅरिसपेक्षाही. बाजूच्या वाऱ्यात जागा धरणं हे ताकदीपेक्षा अनुभवाचं काम आहे आणि हा त्याचा पहिलाच टूर होता. एशलॉनला मी तिरपी फळी म्हणतो. रेसर एकामागे एक न राहता रस्त्याच्या रुंदीवर तिरपे पसरतात, रस्ता संपला की फळीत जागा संपली, बाकीचे कडेला लोंबकळत मागे पडतात. फळी फोडणे, फळीत जागा मिळणे ही क्रियापदं पण आपोआप जमतात.

योकोहामाकर:
तिरपी फळी मस्त. आणि आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल रेसमुळे "घाटाचा राजा" कधीचा रुळलाय, त्यामुळे चढणीचे शब्द नव्याने शोधायची गरजच नाही.

चाकोरी:
शेवटी निवृत्तीचं वाक्य बघ हं. फ्रेंच, डच लोक "सायकल खुंटीला टांगली" म्हणतात आणि कुठेतरी ते जसंच्या तसं मराठीत येईल अशी भीती वाटते. मराठीत खुंटीला टांगतात ती अक्कल, लाज, नियम. खुंटीला टांगणं म्हणजे बेफिकीर होऊन सोडून देणं. डिस्कव्हरी, स्किल-शिमानो, रेडिओशॅक, ग्रीनएज, मग 2014 ते 2019 ट्रेक, नंतर निप्पो नावाच्या दोन टीम, अशा टीममधून 17 वर्षं राबलेल्या माणसाबद्दल ते वाक्य नको. सरळ "रेसिंगमधून निवृत्त झाला" लिही.

घाटवाट:
मसुद्यात खरंच तेच वाक्य होतं, काढते. सुरुवात आता अशी: "2006 आणि 2011 ला जपानचा राष्ट्रीय रोड विजेता असलेला बेप्पू फुमियुकी युरोपात मात्र दुसऱ्यांचा गडी म्हणून राबला." "दुसऱ्यांचा" ठेवू की "लीडरचा"?

चाकोरी:
लीडरचा. दुसऱ्यांचा म्हटलं की परका वाटतो, आणि तो त्याच टीममधला आहे.