गोल्ड आयआरएची फी म्हणे चहापाण्याइतकी!

एडिसनचा_आबा

गोल्ड आयआरए म्हणजे अमेरिकेतलं निवृत्तीचं खातं, त्यात खरं सोनं ठेवायचं. परवा इथे एकाने लिहिलं, "गोल्ड आयआरए उघडून मोकळे व्हा, कस्टोडियनची (खातं सांभाळणाऱ्या कंपनीची) फी वर्षाला दोन-अडीचशे डॉलर, म्हणजे चहापाणी. त्यात काय एवढं मोजायचं?" खाली शाबासक्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मोजायचं नाही? बायकोच्या जुन्या नोकरीतल्या ४०१केचे (कंपनीतल्या निवृत्ती खात्याचे) वीस हजार आम्ही सोन्यात वळवले. हिशेब ठेवायचे वर्षाला १०० आणि आपली नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवायचे १५०. वीस हजारांवर अडीचशे म्हणजे सव्वा टक्का. सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही, डेलावेअरच्या तिजोरीत नुसतं झोपलेलं असतं, आणि झोपेचं भाडं आम्ही भरतो. तेच वीस हजार साध्या ब्रोकरेजच्या आयआरएत जीएलडीएम या सोन्याच्या ईटीएफमध्ये (शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) टाकले असते तर ०.१० टक्के, वर्षाला वीस डॉलर. याला आमच्यात चहापाणी म्हणतात.

डॅलसकर_काका

तो "एकाने" म्हणजे मीच. नाव घ्यायला जीभ अडखळली का?

अहो, फी ठरावीक असते, खातं लहान-मोठं असतं. माझ्या खात्यात दोन लाखांचं सोनं आहे. फी तीच अडीचशे, म्हणजे ०.१२५ टक्के. जीएलडी ईटीएफला ०.४० टक्क्याने ८०० गेले असते, आयएयू ईटीएफला ०.२५ ने ५००. सोनं वर गेलं की ईटीएफवाल्यांचा वाटाही वर जातो, माझे अडीचशे तिथेच. वीस हजारांसाठी अख्खा हॉल बुक केलात आणि आता भाडं जास्त म्हणून रडताय.

शिवाय माझी नाणी खरी आहेत. २००८ साली आमच्या मजल्यावरचे निम्मे लोक खोकी घेऊन लिफ्टने खाली गेले. मी सहा महिने ४०१केचं पाकीट उघडलं नव्हतं. तेव्हापासून कागदावर माझा विश्वास नाही.

खडूस_हिशेबनीस

काका, तुमची नाणी खरी आहेत याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे? स्टेटमेंट. म्हणजे कागदच. (जीएलडीएमचा फायदा: तो कागद फुकट ईमेलने येतो.)

पण तुम्ही दोघंही शेपूट धरून भांडताय, हत्ती कधीच दारातून आत गेलाय. कस्टोडियनचे अडीचशे दिसतात, छापील असतात, म्हणून टोचतात. डीलर नाण्यामागे सोन्याच्या चालू भावावर किती चढवतो आणि परत घेताना किती उतरवतो, ते कुठल्या तक्त्यात असतं? "पहिल्या तीन वर्षांची फी आमच्याकडून" अशी जाहिरात बघितली की मी खिसा चाचपतो. ती फी त्याने आधीच भावात काढलेली असते.

सुमेधा_एनजे

हिशेबनीसांना हात जोडून अनुमोदन. आमच्याच घरात घडलंय.

माझ्या मोठ्या दिरांनी टीव्हीवरची जाहिरात पाहून फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड, की "सर, तुमच्या नातवंडांची नावं काय" इथपर्यंत गेला. चाळीस हजार वळवले. त्याने साधे ईगल (अमेरिकन सरकारची सोन्याची नाणी) न देता संग्राहकांसाठीचे महाग प्रूफ ईगल गळ्यात मारले. कारण काय, तर १९३३ साली रूझवेल्टने लोकांचं सोनं जमा करून घेतलं तेव्हा संग्राहकांची दुर्मीळ नाणी वगळली होती, म्हणून ही "सरकारच्या हाताबाहेरची". पहिलं स्टेटमेंट आलं त्यात किंमत जेमतेम तीस हजार. दीर म्हणाले, छपाईची चूक असेल. मी कस्टोडियनला फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाव योग्य आहे की नाही हे बघणं आमचं काम नाही."

आणि ते खरंच आहे! कस्टोडियन म्हणजे मंगल कार्यालयवाला. नवरा कसा आहे ते तो बघत नाही, हॉल देतो आणि साफसफाईचे पैसे कापून घेतो.

ठाणे_वेस्ट

तुमचं सगळं वाचून हसू येतं. सोनं घ्यायचं, ते परक्याच्या तिजोरीत ठेवायचं, बघायला जायचं तर वेळ मागायची, आणि त्याचे पैसेही द्यायचे. आमच्याकडे या. बँकेत लॉकर, वर्षाला चार हजार रुपये. दसऱ्याला उघडायचं, आईच्या पाटल्या-बांगड्या हातात घेऊन बघायच्या, परत ठेवायच्या. कसला कस्टोडियन नि कसलं काय.

एडिसनचा_आबा

ठाणेकर, पाटल्या आयआरएत चालत नाहीत. दागिना हे "कलेक्टिबल" (संग्रहाची वस्तू), घेतला त्या दिवशी पैसे काढल्यासारखे धरून कर लावतात. बार किंवा नाणं ९९.५ टक्के शुद्ध लागतं. अपवाद अमेरिकन ईगलचा. तो २२ कॅरेट असूनही चालतो, कारण कायद्यातच नाव घालून ठेवलंय. दक्षिण आफ्रिकेचा क्रुगरँडही तितकाच शुद्ध, पण तो चालत नाही. असो. विषय फीचा आहे.

ठाणे_वेस्ट

विषय विश्वासाचा आहे. माझं सोनं माझ्या किल्लीत.

खडूस_हिशेबनीस

दोन किल्ल्या असतात, एक बँकेची. आणि विश्वासाचंच म्हणत असाल तर लॉकरचा करार वाचलात कधी? रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू. चोरी, आग, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट, त्यापुढे नाही. पूर-भूकंपात तेवढीही नाही. तुमचे चार हजार गुणिले शंभर, चार लाख. त्यात आज किती तोळे येतात ते सराफाला विचारून या.

ठाणे_वेस्ट

शंभर पट?? हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सही मात्र घेतली, पाचशेच्या स्टॅम्पवर.

कोल्हापुरी_ठसका

लॉकर-बिकर नंतर. सुमेधाताईंनी रूझवेल्ट काढला म्हणून लिहिते. सोन्यावर सरकारचा हात पडायला अमेरिकाच लागते असं नाही. माझे आजोबा गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, सोनार. १९६३ च्या जानेवारीत मोरारजींचं सुवर्ण नियंत्रण आलं, नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही. आजोबा म्हणायचे, १४ कॅरेटचं मंगळसूत्र करून द्यायला मला लाज वाटायची. वर्षभर भट्टी बंद. आजी दळणं करायची. थोरल्या काकांची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. आजोबा तोवर नव्हते. त्यामुळे "सोनं म्हणजे सरकारपासून संरक्षण" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

डॅलसकर_काका

ताई, वाईट वाटलं. पण ते भारतातलं, तेव्हाचं. इथे १९७४ च्या अखेरीपासून सोनं बाळगायची मोकळीक आहे.

कोल्हापुरी_ठसका

म्हणजे एक्केचाळीस वर्षं नव्हती. आमच्याकडे सत्तावीस. जिंकलात, अभिनंदन.

फ्रीमाँट_फंडा

एवढं भांडताय कशाला? एक एलएलसी (छोटी खासगी कंपनी) काढायची, आयआरएने ती विकत घ्यायची, एलएलसीने ईगल घ्यायचे आणि घरच्या तिजोरीत ठेवायचे. साठवणुकीची फी शून्य. माझा एक मित्र करतो.

खडूस_हिशेबनीस

मित्राला सांगा, २०२१ चा मॅकनल्टी खटला वाचायला. ऱ्होड आयलंडचं जोडपं, हीच युक्ती, नाणी घरच्या तिजोरीत. टॅक्स कोर्टाने सांगितलं, नाणी तुमच्या ताब्यात म्हणजे पैसे तुम्ही काढलेत, कर भरा. चार लाख डॉलरच्या वर रक्कम होती. कस्टोडियनचे अडीचशे वाचवायला गेले.

फ्रीमाँट_फंडा

प्रत्येक ठिकाणी घाबरवायचंच असतं का तुम्हाला? कधीतरी काही नवीन करू द्या लोकांना.

खडूस_हिशेबनीस

करा की. दंडाचा चेक लिहिणं हाही अनुभव नवीनच असतो.

एडिसनचा_आबा

मूळ मुद्द्यावर येऊ का? डॅलसकर, तुमचं गणित मी काल रात्री परत मांडलं. दोन लाखांवर ठरावीक फी जीएलडीपेक्षा स्वस्त पडते हे मान्य. (लिहिताना दात खाल्ले.) पण जीएलडीएमला तुमचे दोनशेच झाले असते, अडीचशेपेक्षा कमी. तुम्ही तुलनेला सोयीस्करपणे महागडा फंड निवडलात.

आणि तुम्ही पंचाहत्तरचे झालात की खात्यातून दरवर्षी सक्तीने काढावंच लागेल. तेव्हा प्रत्येक वेळी नाणी विका, डीलरची कात्री, वायरची फी. नाहीतर नाणीच घरी मागवा, त्याचा टपाल-विमा आणि वर त्यांच्या किमतीवर कर. ईटीएफचे तीन शेअर विकायला मला एक मिनिट लागतं.

डॅलसकर_काका

पंचाहत्तरला अजून दहा वर्षं आहेत, माझं म्हातारपण तुम्ही आत्ताच काढू नका.

बरं, तुम्ही प्रामाणिकपणे बोललात म्हणून मीही बोलतो. मी नाणी २०११ च्या सप्टेंबरात घेतली. भाव औंसाला १९०० डॉलरच्या आसपास. २०१५ च्या डिसेंबरात तो साडेदहाशेला टेकला. त्या चार वर्षांत दरवर्षी फीचं बिल यायचं, आणि ते मी बायकोला न दाखवता खिशातून भरायचो. (खिशातून भरलं तर ते आयआरएत पैसे भरायच्या वार्षिक मर्यादेत धरत नाहीत, एवढी माहिती फुकट घ्या.) तेव्हा ते बिल चहापाणी वाटलं नव्हतं. आता सोनं ४००० च्या वर गेलं म्हणून वाटतं.

सुमेधा_एनजे

काका, ही पोस्ट पहिली टाकायची होतीत. एवढी वादावादी झालीच नसती.

डॅलसकर_काका

मग तुमच्या दिरांची गोष्ट आम्हाला कुठे कळली असती? त्यांनी पुढे काय केलं?

सुमेधा_एनजे

ठेवलीत अजून. भाव वाढला म्हणून आता कागदावर नफ्यात आहेत आणि घरभर सांगत फिरतात की मी उगाच घाबरवलं. त्याच पैशांत साधे ईगल घेतले असते तर किती नाणी जास्त आली असती, हे मी एकदाच सांगितलं. त्या दिवाळीला फराळाचा डबा आला नाही.

एडिसनचा_आबा

आज कस्टोडियनला फोन केला. खातं बंद करायची फी वेगळी, पैसे पाठवायची वेगळी. म्हणजे बाहेर पडायलाही वर्षभराचं भाडं. बायको म्हणते, राहू दे. मी म्हणतो, एकदाच रडू. पुढच्या आठवड्यात कस्टोडियनकडून थेट ब्रोकरेजकडे वळवतोय. पैसे आपल्या हातात घेऊन साठ दिवसांत परत भरायची कसरत करणार नाही.

ठाणे_वेस्ट

आम्ही आज बँकेत गेलो होतो. शंभर पटीचं विचारलं. मॅनेजर म्हणाले, "करारात आहे सर, पान सात." आणि पुढच्या वर्षीपासून भाडं वाढतंय.