छोट्या कॅबिनेटमध्ये मोठा सीपीयू कूलर : उंची जुळते, पण बाकीचे काय?

प्रश्न

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घेऊन मी एक छोटा संगणक जोडतो आहे. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स आहे आणि त्यावर व्हिडिओ रेंडरिंग तासन्‌तास चालणार असल्यामुळे कूलिंगमध्ये मला तडजोड नको आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची १५५ मिमी दिली आहे, आणि मी निवडलेला दोन टॉवरचा (पातळ पत्र्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला), १२० मिमीच्या दोन पंख्यांचा कूलरही नेमका १५५ मिमी उंच आहे. रॅमवर दिव्यांची पट्टी असल्याने तिची उंची ४४ मिमी आहे. हे सर्व प्रत्यक्षात बसेल का? कूलर विकत घेण्याआधी आणखी काय तपासावे?

उत्तर १

माहितीपत्रकातील आकड्यावर विसंबू नका. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापासून बाजूच्या पॅनेलच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर स्वतः मोजा. टॉवर कूलरमध्ये हवा पॅनेलला समांतर वाहत असल्यामुळे वर दोन-तीन मिमी मोकळे राहिले तरी पुरते, परंतु तेवढे राहायलाच हवेत, कारण हीटपाइपची (उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांची) टोके पत्र्यांच्या थोडी वर आलेली असतात आणि पॅनेल त्यांवर टेकले तर तो दाब थेट सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागेवर) येतो.

तुमची खरी अडचण मात्र रॅमची आहे. समजा, पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ४० मिमी जागा आहे. तुमची रॅम ४४ मिमीची, म्हणजे पंखा ४ मिमी वर सरकवावा लागणार. तो आधीच टॉवरच्या माथ्याशी समपातळीत असेल, तर १५५ मिमीचा कूलर १५९ मिमीचा होऊन बसतो. पंखा पातळ घेतला तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण २५ मिमीऐवजी १५ मिमी जाडीचा पंखा आडवी जागा वाचवतो, उभी नव्हे. दिवे नसलेली साधी रॅम सुमारे ३१ मिमी उंच असते. ती घेणे शक्य असेल तर हा सगळा हिशेबच मिटतो. नाहीतर पुढचा पंखा काढून टाका आणि फक्त दोन टॉवरच्या मधला ठेवा. दोन्ही टॉवरमधून हवा खेचण्याचे काम तो एकटा चांगले करतो आणि तापमानात फार फरक पडत नाही.

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिमीचा असतो, त्यामुळे सॉकेटच्या एका बाजूला रॅम, दुसरीकडे ग्राफिक्स कार्ड आणि तिसरीकडे व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे) हीटसिंक, म्हणजे उष्णता घालवणारे धातूचे ठोकळे, अशी चहूकडून दाटी असते. यात कार्डाकडे विशेष लक्ष द्या. पंखा धरून ठेवणारी तारेची क्लिप कार्डाच्या मागच्या उघड्या सर्किटला टेकली तर शॉर्ट होऊ शकते, म्हणून बॅकप्लेट (मागची झाकणपट्टी) असलेलेच कार्ड वापरावे आणि तरीही मध्ये फट राहते आहे ना, हे टॉर्च लावून पाहावे.

विकत घेण्यापूर्वी कूलरच्या लांबी-रुंदी-उंचीचा पुठ्ठ्याचा ठोकळा करून तो बोर्डवर ठेवून पाहा. आकड्यांत न दिसणाऱ्या अडचणी त्यात लगेच दिसतात.

उत्तर २

वरील सूचना योग्य आहेत, पण एवढा मोठा कूलर लागतोच का, हा प्रश्न मला आधीचा वाटतो. ७७००एक्सचा टीडीपी (कूलर निवडण्यासाठी दिलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॅट असला तरी मूळ सेटिंगवर तो १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) ६५ वॅटचा इको मोड निवडला की ही मर्यादा ८८ वॅटवर येते. म्हणजे उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते, पण रेंडरिंगचा वेग त्या प्रमाणात मुळीच घटत नाही, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच हा प्रोसेसर सर्वाधिक वीज खर्च करतो.

शिवाय एएम५ (७७००एक्सचे सॉकेट) प्रोसेसरचे झाकण बरेच जाड आहे, जेणेकरून आधीच्या एएम४ सॉकेटचे कूलर त्यावरही बसावेत. त्याखालच्या लहानशा चिपमधून उष्णता बाहेर पडण्यालाच मर्यादा असल्यामुळे कूलर दुप्पट मोठा केला म्हणून तापमान निम्मे होत नाही. भार पूर्ण असताना ९५ अंश सेल्सिअस दिसले तरी घाबरू नका. ती या प्रोसेसरची ठरवून दिलेली मर्यादा आहे. नॉक्टुआ एनएच-यू९एससारखा १२५ मिमी उंचीचा कूलर ८८ वॅट सहज हाताळेल आणि तुमच्या कॅबिनेटमध्ये ऐसपैस बसेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॅनेलपर्यंतचे अंतर १५८ मिमी भरले. ठोकळा ठेवल्यावर रॅम पुढच्या पंख्याच्या आड येते, हेही स्पष्ट झाले. तरीही मोठा कूलरच घ्यावा, मधला एकच पंखा लावावा आणि वीजमर्यादा ८८ वॅट ठेवावी, असे ठरवले आहे. कमी उष्णतेला मोठा हीटसिंक मिळाला की पंखा हळू फिरेल आणि मला शांतता हवीच आहे. जोडणी कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर १

मधल्या पंख्याचा निर्णय उत्तम आहे. एम.२ एसएसडी आणि रॅम आधी बसवा, कारण नंतर त्यांवर कूलर येईल. बोर्डचे स्क्रू कूलरखाली झाकले जाणार असतील, तर बोर्ड आधी कॅबिनेटमध्ये कसा आणि मगच कूलर चढवा. प्रोसेसरची आठ पिनांची वीजकेबल आणि पंख्याची वायर त्याआधीच जोडून ठेवा. कूलर बसल्यावर त्या कोपऱ्यात बोटे जात नाहीत. कूलरचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, म्हणजे थर्मल पेस्ट सारखी पसरेल. त्यासाठी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागेल आणि मधला पंखा तेवढ्यापुरता काढावा लागेल. ग्राफिक्स कार्ड सर्वांत शेवटी. ते पुढे कधी काढायचे झाले तर स्लॉटची खिट्टी कूलरखाली दडलेली असेल. ती दाबण्यासाठी धातूचे काही न वापरता प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरा.