मदत हवी आहे: टॅडपोलची लेन्स परत येताना जीन एक्सप्रेशनमधलं जखमेचं किती आणि लेन्सचं किती, वेगळं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

इथे बरेच बायोटेक आणि झूऑलॉजीवाले आहेत म्हणून विचारतेय. एमएस्सी पुण्यात केली, आता इंग्लंडमध्ये पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. काम झेनोपस लेव्हिसवर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला तो नख्यावाला बेडूक. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, याच्या टॅडपोलच्या डोळ्यातली लेन्स काढली तर नवी तयार होते, आणि ती बाहेरच्या कॉर्नियापासून होते (टॅडपोलमध्ये कॉर्नियाचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात). न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरात आयरिसच्या वरच्या कडेच्या रंगीत पेशी हे काम करतात, इथे चांगल्या पारदर्शक कॉर्नियाच्या पेशी आपली ओळख सोडून लेन्स व्हायला लागतात!! १९६३ साली गॅरी फ्रीमन यांनी याच्या पाच पायऱ्या पाडल्या, आम्ही अजून त्याच वापरतो. चपट्या पेशी आधी उंच होतात, मग त्यांचा पुंजका, मग पोकळ गोळा, मग फायबर आणि शेवटी नेहमीसारखी लेन्स.

कॉर्निया गप्प का बसलेला असतो आणि अचानक का जागा होतो, तर इशारा रेटिनाकडून येतो. त्यात एफजीएफ या पेशींना निरोप देणाऱ्या प्रोटीनचा मोठा वाटा आहे. एरवी आतला कॉर्निया आणि लेन्स मध्ये आडवे असतात म्हणून तो बाहेरच्या कॉर्नियापर्यंत पोचत नाही. लेन्स काढताना ती वाट उघडते, आणि आतला कॉर्निया भरून आला की परत बंद. बेडूक मोठा झाला की ही ताकद जाते त्यातही या लवकर बंद होणाऱ्या वाटेचा हात आहे.

आता माझी अडचण. टॅडपोलला एमएस-२२२ मध्ये बेशुद्ध करते, बारीक कात्रीने दोन्ही कॉर्नियांना छेद देते, चिमट्याने लेन्स बाहेर काढते, मग ठरलेल्या दिवशी कॉर्निया गोळा करून आरएनए काढते आणि क्यूपीसीआर, म्हणजे कुठला जीन किती चालू आहे ते मोजणं. त्यात तीन गोष्टी डोक्यात जातायत.

एक म्हणजे पॅक्स६. डोळ्याचा सगळ्यात महत्त्वाचा जीन, मला वाटलं होतं चढेल, पण रेषा जवळजवळ सपाट. दुसरं, गॅमा क्रिस्टलिन, म्हणजे लेन्सचं खास प्रोटीन, पहिल्याच दिवशी थोडं दिसतं आणि मग खाली जातं, जे कुठल्याच हिशोबात बसत नाही. आणि तिसरं, जे खरंच चढतं ते सगळं मॅट्रिक्स (पेशींमधलं जाळं) तोडणारी एन्झाइम्स, पेशी सरकण्याचे जीन वगैरे, म्हणजे कुठलीही जखम भरताना दिसेल असंच. शॅम कंट्रोल करते, कॉर्नियाला छेद पण लेन्स जागेवर, आणि त्यातही यातलं बरंच चढतं. मग लेन्सचं म्हणून काय दाखवू? गाईड म्हणतात अजून सॅम्पल घे, पण टॅडपोल उगाच वापरायला जीव होत नाही, आधी डिझाइन नीट हवं असं मला मनापासून वाटतं. कोणी यावर काम केलंय का?

पाणकोंबडी:
यावर नाही पण झेनोपसवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे लिहितो.

पॅक्स६ सपाट येणं बरोबरच आहे हो. तो बाहेरच्या कॉर्नियात आणि डोळ्याभोवतीच्या त्वचेत आधीपासूनच चालू असतो, म्हणून तर तिथल्या पेशींना लेन्स होता येतं. कुशीवरच्या त्वचेचा तुकडा डोळ्यात घातला तर लेन्स होत नाही, पण त्याच त्वचेत पॅक्स६ घातला की होऊ शकते, हे २००८ मध्ये इटलीतल्या गटाने दाखवलंय. म्हणजे पॅक्स६ ही परवानगी आहे, सुरुवात झाल्याची खूण नाही. कॉर्नियापासून होणाऱ्या लेन्सवरच्या १९९९ च्या कामात ओटीएक्स२, सॉक्स३, प्रॉक्स१ आणि गॅमा क्रिस्टलिन हेही पाहिलेत, गर्भात लेन्स होतानाचे हे जीन इथेही परत दिसतात, तुम्ही प्रॉक्स१ वर भर द्या.

पहिल्या दिवशीचं क्रिस्टलिन मला तरी जुन्या लेन्सचं वाटतं. त्याचा आरएनए लेन्समध्ये प्रचंड असतो, एखादा पापुद्रा कॉर्नियाला चिकटून राहिला तरी सीटी व्हॅल्यू, म्हणजे क्यूपीसीआरचा आकडा, हलते. लेन्स अखंड आली का ते काढतानाच मायक्रोस्कोपखाली बघा, तुकडा पडला असेल तो टॅडपोल बाजूला.

आणि सगळ्या टॅडपोलमध्ये लेन्स परत येतच नाही. तुम्ही कॉर्निया एकत्र करून आरएनए काढत असाल तर न होणाऱ्यांमुळे होणाऱ्यांचा सिग्नल पातळ होतो. थोडे टॅडपोल सेक्शन (पातळ काप) आणि इन सिटू (जीन कुठल्या पेशीत चालू आहे ते कापातच रंगवून बघणं) यांसाठी ठेवाच, तिथे पेशी दिसतात, नुसता आकडा नाही.

निशिगंध:
क्यूपीसीआरचे प्रायमर, म्हणजे जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, कुठल्या कॉपीचे आहेत? झेनोपस लेव्हिस टेट्राप्लॉइड आहे (गुणसूत्रांचे चार संच), बऱ्याच जीनच्या एल आणि एस अशा दोन कॉप्या, २०१६ चा जिनोम पेपर त्यावरच आहे. एक चढत असेल आणि दुसरी पडत असेल तर एकत्र मोजल्यावर सपाटच दिसणार. झेनबेस या झेनोपसच्या ऑनलाइन डेटाबेसवर दोन्ही सीक्वेन्स शेजारी ठेवून बघा.

पाणकोंबडी:
हो, हे राहिलंच होतं. आणि जखमेचा मुद्दा, शॅम एकटा पुरत नाही कारण त्यात लेन्स काढण्याचा धक्काच नसतो. डोळा काढून कल्चरमध्ये ठेवतात आणि कॉर्नियाचा तुकडा आत काचद्रवाच्या जागेत सरकवतात, ती पद्धत बघा. एका गटात एफजीएफ रिसेप्टर अडवणारं एसयू५४०२ घालायचं, एकात फक्त डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचं द्रावक. कापाकापी दोन्हीकडे अगदी सारखी, पण एसयू५४०२ च्या गटात लेन्स व्हायची वाट बंद. दोन्हीकडे सारखं चढलं ते जखमेचं धरा, फक्त डीएमएसओमध्ये चढलं ते पुढे तपासायचं. शिवाय एका टॅडपोलचे दोन डोळे दोन गटांत वाटता येतात, म्हणजे प्राणीही कमी लागतील.

प्रश्न विचारणारी:
मनापासून आभार दोघांचे! माझे प्रायमर दोन्ही कॉप्या पकडतात, आत्ताच बघितलं, वेगळे डिझाइन करते. दोन डोळे दोन गटांत ही गोष्ट तर सोमवारीच गाईडसमोर ठेवते. एकच शंका राहिली, एसयू५४०२ इतर रिसेप्टरनाही थोडंफार अडवतं ना, मग सोबत अजून एक वेगळा इनहिबिटर घ्यावा का, आणि कल्चरमध्ये डोळे किती दिवस नीट टिकतात? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज लिहा.